पंचविसाच्या दोन्ही बाजूंस

एकवीस ते तीस हे पाढे लहान मुलांकडून पाठ करवून घेणे आजच्या पुष्कळ सुशिक्षित पालकांना निष्ठुरपणाचे वाटते, आणि गणकयंत्र हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी, असे ते मला विनयाने परंतु निश्चयाने विचारतात. माझी हयात हेच पाढे शिकवण्यात गेली असल्यामुळे या प्रश्नाला बगल देणे मला प्रशस्त वाटत नाही.

पंतोजींच्या शाळेतली उजळणी याहून पुष्कळ मोठी होती. रुपयाचे 16 आणे, मणाचे 40 शेर आणि खंडीचे 20 मण असा व्यवहार जोवर चालू होता, तोवर कुळकर्ण्याच्या दफ्तरात काय आणि सराफाच्या खतावणीत काय, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी मुखोद्गत असल्यावाचून कोणाचा निभाव लागत नसे. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली आणि अपूर्णांकांच्या या पाढ्यांचा आधार हळूहळू सुटत गेला. पूर्णांकांचे पाढे मात्र टिकले, आणि ते टिकण्यात त्यांच्या लयीचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते. ‘सोळा सत्ते बारोदरसे, सोळा अठ्ठे अठ्ठाविसासे, सोळा नव्वे चव्वेचाळासे’ हे म्हणताना जिभेला जी गती लाभते, ती ‘एकशे चव्वेचाळीस’ असे शिस्तशीर उच्चारू लागताच मोडते. आणि गती मोडली की स्मरणही अडखळते.

परंतु लयीवर सर्वस्वी विसंबणाऱ्या मुलाला सत्तावीस अठ्ठे एकदम विचारले, तर ते मनातल्या मनात सत्तावीस एकेपासून धावत येते. म्हणून पाढा तोंडी बसला की मी तो क्रमाने म्हणवून घेण्याचे थांबवतो आणि फळ्यावर मधोमध पंचविसाचा पाढा लिहून त्याच्या एका बाजूस तेविसाचा व दुसऱ्या बाजूस सत्ताविसाचा पाढा मांडतो. पंचवीस सत्ते पाउणेदोनशे. त्यातून सात दुणे चौदा वजा केले की तेवीस सत्ते एकसष्टासे, आणि तेच चौदा मिळवले की सत्तावीस सत्ते एकोणनव्वदासे! मग कोणीतरी एकम स्थानाकडे बोट दाखवते: तेविसाच्या पाढ्यात 3, 6, 9, 2, 5, 8, 1, 4, 7 असे अंक उतरत आले आहेत आणि सत्ताविसाच्या पाढ्यात तेच अंक खालून वर गेले आहेत. एकवीस व एकोणतीस, बावीस व अठ्ठावीस, चोवीस व सव्वीस याही जोड्या अशाच जुळतात, कारण प्रत्येक जोडीची बेरीज 50 आहे. हे एकदा मुलांच्या ध्यानात आले की इतके दिवस ओझे वाटणारे पाढे ती आपण होऊन पडताळू लागतात, आणि वर्गातला तो क्षण मला अत्यंत प्रिय आहे.

ही युक्ती काही माझी नव्हे. भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त 135 ला 12 ने गुणण्याचे उदाहरण आहे, आणि ते सोडवण्याच्या रीतींमध्ये गुणकात सोयीची संख्या मिळवून वा त्यातून ती वजा करून गुणावे, ही एक रीत आहे: बारात आठ मिळवून विसाने गुणले की 2700, त्यातून 135 ची आठपट, म्हणजे 1080, वजा केली की 1620. एकोणतिसाचा पाढा तिसाच्या पाढ्यावरून उतरवणारे मूल याच रीतीने चाललेले असते.

तरीही पाठांतराला रजा द्यावी, या मताचा मी नाही. पंचवीस सत्ते किती हेच जिभेवर नसेल, तर चौदा मिळवायचे कशात? शिवाय काही जागा अशा असतात की तिथे स्मरणानेच सावध राहावे लागते: चोवीस नव्वे आणि सत्तावीस अठ्ठे या दोहोंचे उत्तर दोनशे सोळाच येते, तर तेवीस सत्ते एकसष्टासे आणि सत्तावीस सक बासष्टासे यांत केवळ एकाचा फरक पडतो, आणि नेमकी तिथेच चलाख मुलेही घसरतात.

तिसाच्या पुढचे पाढे मात्र मी पाठ करवून घेत नाही. अठ्ठेचाळीस सत्ते विचारावे आणि गप्प बसावे. ज्याची पंचविशी पक्की आहे ते मूल पन्नासाकडे वळते, साडेतीनशेतून चौदा काढते आणि तीनशे छत्तीस म्हणून मोकळे होते.