घराण्यात कुणाला?

काही जातींच्या मशरूममध्ये सिलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात गेलं की काही तास भास होतात, स्थळकाळाचं भान सुटतं. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने त्यावर बंदी आहे. पण "त्याने डिप्रेशन बरं होतं म्हणे" असं आमच्याकडची तरुण मुलं हल्ली जेवताना बोलतात. म्हटलं, बघावं तरी काय आहे ते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी ३६ निरोगी माणसांना ते देऊन २००६ साली निष्कर्ष छापले. दोन तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांत धरला. बातम्यांत एवढंच येतं. त्याच अभ्यासात ११ जणांना जबर भीतीही वाटली होती! ती निभावली, कारण खोली दिवाणखान्यासारखी होती, कानाला संगीत होतं, आणि आधी कित्येक तास बोलून ओळखीचं झालेलं माणूस शेजारी बसलं होतं.

स्वतःच मशरूम खाऊन वाईट अनुभव आलेल्या १,९९३ जणांची पाहणी २०१६ साली छापून आली. त्यांतल्या ११ टक्के लोकांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला शारीरिक इजेच्या धोक्यात घातलं होतं.

मला मात्र थांबवलं ते एका प्रश्नाने. याच संशोधकांनी २००८ साली सुरक्षिततेचे नियम छापले. त्यांत आहे की घराण्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, आजीआजोबा, काका-मामा यांत कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर त्या माणसाला प्रयोगात घ्यायचं नाही. वरून ठणठणीत दिसणाऱ्याचाही तोल जाऊ शकतो.

आता सांगा, आपल्या घरांत या प्रश्नाचं खरं उत्तर कुणाला ठाऊक असतं? आजार झाकला जातो, कारण मुलींची लग्नं जमायची असतात. "स्वभाव तापट होता", "कुणीतरी काहीतरी केलं होतं", एवढ्यावर भागतं. मग विशीतल्या पोराला कुणी विचारलं, तर ते बिचारं प्रामाणिकपणे "नाही" म्हणणार.

म्हणून वहिनींना विचारून, त्यांच्या संमतीने लिहिते आहे. दादाच्या नातवंडांनो, तुमच्या आजोबांना स्किझोफ्रेनिया होता. त्यांना आवाज ऐकू यायचे. औषधं नियमित घेतली तेव्हा ते नीट राहिले, तुम्हाला खांद्यावर घेऊन हिंडले.

डॉक्टरांनी विचारलं, तर हेच सांगा. आणि मित्रांनी कधी काही पुढे केलं, तर आधी हे आठवा.