जूनचा मुहूर्त

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मे महिन्यात पदवीदान होतं आणि नेमकी तेव्हाच नाशिकमध्ये लग्नसराई असते. माझी भाची यंदा एमएस झाली. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न जूनमध्ये ठरत होतं. “शिक्षण संपलं ना, मग ये की महिनाभर,” असं घरातलं प्रत्येक माणूस तिला फोनवर सांगत होतं. ती गप्प.

तिनं कागद समजावून सांगितले, तेव्हा ते गप्प राहणं कळलं. पदवीनंतर आपल्या विषयात वर्षभर काम करण्याची परवानगी म्हणजे ओपीटी. तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या 90 दिवस आधीपासून 60 दिवस नंतरपर्यंत करता येतो. अर्ज न करताच देश सोडला, तर ती संधी गेली. अर्ज केला असेल तर बाहेर जायला बंदी नाही. परतताना चालू व्हिसा, अर्जाची पावती आणि सहा महिन्यांच्या आतली सही असलेला आय-20 हा विद्यापीठाचा दाखला लागतो. पण ती इथे लग्नात असताना अर्ज मंजूर झाला, तर कामाच्या परवानगीचं कार्ड आणि नोकरीचं पत्रही जवळ हवं. कार्ड तर टपालानं तिच्या तिकडच्या पत्त्यावर जाणार! व्हिसा संपलेल्यांना मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत पुन्हा मुलाखत. इतकं सगळं असूनही आत घ्यायचं की नाही, हे ठरवणार विमानतळावरचा अधिकारी.

म्हणजे अडवत कुणीच नाही, जोखीम तेवढी तिची. डोक्यावर एज्युकेशन लोन, आणि ओपीटी सुरू झाली की नोकरीविना एकूण 90 दिवसच राहता येतं.

कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या घरांत मुलं पाठवताना फी, कर्ज, विद्यापीठाचं नाव यांवर तासन्‌तास बोलणं होतं. या मधल्या महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही. “बघ बाई, तुझी मर्जी” म्हणणंही मला क्रूर वाटतं. त्यानं सगळा भार पुन्हा तिच्यावरच पडतो. “येऊ नकोस” हे मोठ्यांनीच म्हणायला हवं, आणि नंतर त्याचा उल्लेखही करू नये.

माझ्या बहिणीनं ते म्हटलं. पंचवटीतल्या आजी दोन दिवस नाराज होत्या, मग त्यांनीच पंचांग काढलं. आषाढीनंतर चातुर्मास, म्हणून लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर गेलं. व्याही समजूतदार निघाले. तोवर कार्ड हातात येईल, नोकरीही लागेल अशी आशा आहे. नवी कंपनी रजा किती देईल, ते तेव्हा बघू.