जांभ्याच्या भिंतीतले झाड

यंदा मिरगाचा पाऊस लागला आणि आम्ही देवरूखला निघालो. कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरायचे आणि पुढे एस. टी. पकडायची, हा नेहमीचाच रस्ता. पण या वेळचे जाणे सुट्टीचे नव्हते. चाचांनी जुने घर उतरवून स्लॅबचे बांधायचे ठरवले होते. अब्बांचा जन्म त्याच घरातला. गुडघ्यांमुळे त्यांना आता प्रवास झेपत नाही. निघताना ते एवढेच म्हणाले, "मागच्या भिंतीत झाड आहे, तेवढं बघून या."

मागची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. पाखरे फळे खाऊन भिंतीवर बसतात, त्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडते, जांभा ओल धरतो आणि रोप उगवते. त्या भिंतीत अशी पाच रोपे होती. चाची सगळ्यांनाच 'पिंपळ' म्हणत. आम्ही जवळून पाहिले, तर सगळे पिंपळ नव्हते.

अंजीर, वड, पिंपळ, उंबर ही सारी एकाच घराण्यातली झाडे. पान तोडले की पांढरा चीक येतो. फांदीच्या टोकाचा कोंब टोपीसारख्या आवरणात असतो. ते गळले की फांदीभोवती बारीक वळे उरते. चीक आणि वळे फणसालाही असते, म्हणून खरी खूण फळाची. या झाडांची फुले बाहेर दिसत नाहीत, ती फळाच्या आत असतात. कुरआनातील 'अत्-तीन' या सूरेचे नाव ज्या फळावरून आहे ते अंजीरही असेच. पुरंदरचे अंजीर आपण आवडीने खातो, पण भिंतीतले हे रोप त्याचे भाऊबंद आहे हे ध्यानात येत नाही.

पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते. पायरीचे पानही बदामी, पण शेपटी आखूड आणि देठ लालसर. वडाचे पान जाड व रुंद, नांद्रुकाचे लहान व चकचकीत, खरवताचे कानशीसारखे खरखरीत. आमच्या भिंतीत तीन पिंपळ, एक पायर आणि एक नांद्रुक निघाला. बोन्सायसाठी नांद्रुक सर्वांत सोयीचा, कारण त्याची पाने मुळातच लहान. पिंपळाची पाने कुंडीतही मोठी राहतात आणि झाड बेढब दिसते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही याच भिंतीतले एक रोप उपटून मुंबईला नेले होते. चिकण मातीत लावले, रोज पाणी घातले. महिनाभरात मुळे कुजली. त्या वेळी अब्बा काही बोलले नाहीत, पण कुंडी रिकामी झाली तेव्हा ती त्यांनीच उचलून ठेवली.

या वेळी घाई केली नाही. नांद्रुकाची मुळे एका फुटक्या चिऱ्याला मिठी मारून बसली होती. गवंड्याने छिन्नीने तो तुकडाच झाडासकट सोडवला. लांब मुळे छाटली, शेंडा कापला, चीक ओल्या फडक्याने टिपला. बरीच पाने काढली, म्हणजे उरलेल्या मुळांवर ताण येत नाही. मग सगळे ओल्या गोणपाटात गुंडाळले. घरी येऊन जांभ्याची बारीक खडी, विटांचे तुकडे आणि थोडे पालापाचोळ्याचे खत अशा मिश्रणात लावले, म्हणजे पाणी थांबत नाही. पहिला महिना सावलीत, नंतर उन्हात. तार गुंडाळायची ती झाड रुजल्यावरच, आणि दर आठवड्याला बघायची. ही झाडे लवकर जाड होतात, तार सालीत रुतली तर व्रण कायमचा राहतो.

बाकीच्या चार रोपांचे काय? पिंपळ आणि पायर चाचांनी नदीकडच्या मोकळ्या जागेत, घरांपासून लांब लावली. झाड लावले आणि पाखरांनी फळ खाल्ले, तर तोही सदकाच.

मुंबईला परतल्यावर अब्बांनी गोणपाट सोडताना विचारले, "एवढ्याशा कुंडीत झाडाला कैद कशाला?"

आम्ही म्हणालो, "अब्बा, भिंत पुढच्या महिन्यात जाणार. तिथे राहिलं असतं तर भिंतीबरोबर गेलं असतं."

ते गप्प झाले. मग चिऱ्याच्या तुकड्यावरून त्यांनी हात फिरवला. एका बाजूला जुना चुना अजून चिकटलेला होता. "हा आमच्या माजघराचा," ते म्हणाले.

आज दोन महिने झाले. कापलेल्या शेंड्याखाली तीन नवे कोंब आले आहेत. कोणता ठेवायचा आणि कोणते खुडायचे, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. ते अब्बांवर सोडले आहे. रोज फज्रनंतर ते गॅलरीत जातात, बोट मातीत घालून ओल बघतात आणि मगच पाणी देतात.