येझदीचा लाल दिवा

 

कॅसलरॉकला वाढलेल्यांना पाऊस म्हणजे काय हे मी सांगायला नको. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि काडेपेटी चुलीजवळ ठेवली तरच पेटते. असल्या गावात १९९९ साली आमच्या घरात एकच वाहन होतं, बाबांनी जुनी घेतलेली येझदी. दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांड्यावर, आणि आवाज असा की वळणापलीकडून आई चहाचं आधण ठेवायची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून गाड्या बनत होत्या. गंमत बघा, त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि आपलं स्टेशन सरहद्दीचं राहिलं नाही. त्याआधी इथे कस्टमवाले प्रवाशांच्या पेट्या उघडून बघायचे, हे तुमच्याही आजोबांनी सांगितलं असेल. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे आमच्या वेळेला पार्ट म्हणजे कुणाच्या तरी मोडक्या गाडीतून काढलेला.

त्या वर्षी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते आणि श्रावण चालू होता. पाऊस लागला की फोन मुका. रात्री-अपरात्री वेळ आली तर रामनगरला जाऊन जीप आणायची, एवढाच मार्ग. आणि नेमकी तेव्हाच येझदीने रंग दाखवायला सुरुवात केली. चालता चालता पटकन मरायची. खाली उतरून दोन किका मारल्या की जणू काही झालंच नाही अशी सुरू. कधी चार दिवस काही नाही, कधी एका फेरीत तीनदा. तो रस्ता जंगलातला, संध्याकाळनंतर गवे उभे असतात. बंद गाडीवर अंधारात बसून समोर काहीतरी श्वास घेतंय हे ऐकणं काय असतं, ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत.

लोंढ्याच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने प्लग बदलला. पुन्हा बंद. मग कंडेन्सर बदलला, कारण कंडेन्सर गरम झाला की दगा देतो. हे खरंच आहे, पण मग गाडी गार होईपर्यंत पेटत नाही. आमची तर लगेच पेटायची. मग बॅटरी. त्याच्या दुकानात ती स्टँडवर तासभर घरघरत उभी राहायची, एकदाही बंद पडायची नाही. तो तरी काय करणार! बाबा वैतागून म्हणाले, "विकून टाकू भंगारात." आई काहीच बोलली नाही, फक्त ताईच्या खोलीकडे बघितलं.

शेवटी आमच्या चाळीतले सिग्नल खात्यातले रिटायर काका आले. घाटात पावसात सिग्नलच्या वायरी शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते हे. गाडीला हातच लावला नाही. मलाच विचारायला लागले. कुठे बंद पडते? चढावर की उतारावर? पाऊस असताना की नसताना? खड्ड्यात की वळणावर? मी म्हटलं, काका, कुठेही. तर म्हणाले, "कुठेही असं काय नसतं रे बाबा. लिहून काढ. आणि बंद पडली की हँडल हलवू नको, आधी लाल दिवा बघ."

लाल दिवा म्हणजे हेडलाइटवर किल्लीजवळ असतो तो, चार्जिंगचा. किल्ली लावली की पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो. इंजिन बंद पडलं आणि किल्ली चालूच असेल तर तो परत पेटायला हवा.

मी आठवडाभर वहीत लिहिलं. पाच वेळा बंद पडली, पाचही वेळा डावीकडच्या तीव्र वळणावर किंवा गाडी डावीकडे वळवून लावताना. आणि हँडल तसंच धरून बघितलं तर लाल दिवा नाही, हॉर्नही नाही. हँडल सरळ केलं की दिवा हजर.

काका वही वाचून हसले. म्हणाले, "पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळे निर्दोष." कारण त्यातलं काही बिघडलं असतं तर इंजिन मेलं असतं, पण दिवा पेटला असता, हॉर्न वाजला असता. इथे सगळंच एकदम जात होतं, म्हणजे किल्लीपर्यंत करंटच पोचत नव्हता. आमच्या गाडीत बॅटरीकडून एकच वायर टाकीखालून, हँडलच्या मानेजवळून वाकून हेडलाइटमध्ये जायची. हँडल वळलं की ती वायर वाकणार. मेकॅनिकच्या दुकानात हँडल सरळ, म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी वागायची!

तरी काकांनी लगेच कापाकापी केली नाही. बॅटरीपासून किल्लीपर्यंत बाहेरून एक वेगळी वायर जोडली, मध्ये फ्यूज टाकून. इंजिन चालू केलं, हँडल पूर्ण डावीकडे. चालूच. बाहेरची वायर काढली, परत डावीकडे. फट्‌कन बंद. तीनदा करून दाखवलं. बाबा ओट्यावरून उठून जवळ आले.

मग मानेजवळचं काळं आवरण चिरलं. आतलं तांबं हिरवंगार होऊन तुटलेलं, दोन-तीन तारा नुसत्या एकमेकींना टेकलेल्या. वरून आवरण अखंड, म्हणून कुणाला दिसलं नाही. नवीन वायर टाकली, जोड झाळून घेतले आणि मानेजवळ मुद्दाम सैल वळसा ठेवला. वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. खर्च म्हणाल तर वायरीचे पैसे आणि काकांना दोन कप चहा. प्लग, कंडेन्सर, बॅटरी यांचे पैसे गेले ते गेले.

बारा दिवसांनी रात्री दोनच्या सुमाराला ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाऊस धो-धो. मी एकटाच निघालो. पहिल्या डाव्या वळणावर नजर रस्त्यावर कमी आणि त्या दिव्यावर जास्त. पुढे एक गवा आडवा उभा होता. मी थांबलो, इंजिन चालू ठेवलं, लाइट तशीच त्याच्यावर. बराच वेळ बघून तो उतरून गेला झाडीत. येझदी ढुक्‌ढुक् करत उभी, एकदाही अडखळली नाही.

जीप साडेतीनला दारात आली. भाची सकाळी नऊला झाली. काकांनी तिच्या बारशाला विचारलं काय माहितीय? "डावीकडे वळताना दिवा बघितलास ना रे?"