संगमापासून वळणापर्यंत

प्रीतिसंगमावर पोचले तेव्हा सव्वासहा वाजले होते. घाटाच्या खालच्या पायऱ्या धुक्यात बुडाल्या होत्या. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दोघे-तिघे फिरायला आलेले होते, बाकी सगळं शांत. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येतात, एकमेकींत मिसळतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. दोघीही महाबळेश्वरच्या. कृष्णा वाईवरून, साताऱ्याच्या कडेने खाली येते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेला उतरते, हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला येते. मला त्या हेळवाकच्या वळणापर्यंत जायचं होतं. नदीच्या उलट, सायकलीवर, घाई न करता.

कराड ते हेळवाक पंचावन्न-साठ किलोमीटर भरतं. मोटारीने दीड तासाचं काम. मी दोन दिवस ठेवले होते.

ही कल्पना मला सुचली ती यॉर्कशरमध्ये. लेक तिकडे असते. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिच्याकडे तीन महिने राहिले, तेव्हा तिने मला एक सायकल आणून दिली. तिकडच्या डोंगराळ भागात शेतांच्या कडेने दगडी भिंती असतात, चुना-माती न लावता नुसत्या दगडावर दगड रचलेल्या, आपल्या तालींसारख्या. त्या भिंतींमधून अरुंद वाटा जातात. समोरून मेंढ्या आल्या की माणूस थांबतो, मेंढ्या जातात. मुळात घोड्यांसाठी असलेल्या या वाटांवरून सायकल नेण्याचा हक्क तिथल्या लोकांना १९६८च्या कायद्याने मिळाला. अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. सायकलवरून हिंडणाऱ्यांचा तिथला संघ तर १८७८ सालचा. संघाने मान्य केलेल्या खानावळीच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी लावत, म्हणजे इथे सायकलवाल्याला जेवण मिळेल आणि रात्रीची पथारीही. अशा वाटांवरून मी रोज दहा-बारा किलोमीटर हिंडायचे. आणि हिंडताना मनात सारखं यायचं, ही तर पाणंद आहे. आपली पाणंद. मी सुपन्यात वाढलेली मुलगी, वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकले ते पाणंदीतच. मग स्वतःच्या नदीकाठाला मी सायकलीवरून कधी गेलेच नाही, असं कसं झालं?

वारुंजीच्या पुढे चिपळूणचा रस्ता लागतो. तो आता रुंद आहे, वाहनं जोरात जातात. लहानपणी या रस्त्यावर वडांची जी सावली होती, ती रुंदीकरणात गेली. तिची आठवण मला जागोजाग होत होती. रस्ता हवाच, मालवाहतूक याच रस्त्याने कोकणात उतरते. पण एवढ्या सावलीचं मोल कुणीतरी करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. सुपन्याला मी सरळ तो रस्ता सोडला आणि पूल ओलांडून तांबव्याकडे पलीकडच्या काठाला गेले.

आणि तिथे पाणंद सापडली. दोन्ही बाजूंना घाणेरी, मध्येच निवडुंग, एखादी बोर, करंजाची सावली. चाकोऱ्यांमध्ये गवताचा पट्टा. एका बाजूला ऊस डोक्याच्या वर, दुसऱ्या बाजूला भुईमूग काढून मोकळं झालेलं रान. दवाने माती दबलेली, त्यामुळे टायरखाली धूळ नाही, फक्त एक बारीक चरचर. समोरून बैलगाडी आली. मी सायकल कुंपणात दाबून उभी राहिले. गाडीवानाने कासरा ओढला.

"कुठनं आलासा, बाई?"

"कराडहून. हेळवाकला निघालेय."

"ह्या वाटंनं?" तो हसला. मग वळून हाताने दाखवत म्हणाला, "फुडं वढा हाय, त्यात उतरून जावा. बसून जाऊ नगासा, शेवाळ हाय."

ओढ्यात खरंच शेवाळ होतं.

मल्हारपेठेच्या अलीकडे पुन्हा मोठ्या रस्त्याला लागले. उजव्या हाताला वसंतगडाचा माथा बराच वेळ सोबतीला होता. १६५९च्या नोव्हेंबरमध्ये, अफझलखानाच्या वधानंतर, शिवरायांनी हा मुलूख घेतला तेव्हा वसंतगड स्वराज्यात आला. मोटारीतून तो गड एका वळणावर दिसून नाहीसा होतो. सायकलीवरून तो हळूहळू कूस बदलतो. आधी नुसती भिंत वाटते, मग कडा सुटा होतो, मग पाठ दिसते.

मल्हारपेठेत मागचं चाक बसलं. टपरीतल्या पोराने सायकल उलटी केली, दोन पान्यांनी टायरची कड उचलली, ट्यूब ओढून काढली आणि हवा भरून पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवू लागला. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. त्याने तिथे अंगठा ठेवला तो काढलाच नाही. दुसऱ्या हाताने ट्यूब पुसली, घासकागदाने तेवढीच जागा खरवडली, सोल्यूशनचं बोट फिरवलं आणि फुंकर घालत वाट पाहिली. घाईचं गिऱ्हाईक असतं तर वाट न पाहताही चिकटवलं असतं, असं तो म्हणाला. मग चौकोनी तुकडा लावून हातोडीने हलकेच ठोकला. टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तांबव्याच्या पाणंदीतला काटा. मी तो कागदात बांधून ठेवला आहे.

पुढे निसरे, नवारस्ता. दौलतनगरच्या साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालले होते. कारखान्याला नाव लोकनेते बाळासाहेब देसाईंचं. राज्याचे शिक्षणमंत्री, गृहमंत्री झालेला हा माणूस याच तालुक्यातला. उसाच्या गाडीमागून सायकल चालवताना वाड्याचा हिरवा, थोडा आंबूस वास लागतो. बाजूने वेगात जाणाऱ्याला तो बहुधा लागत नाही.

इथून एक गोष्ट पायांना कळू लागते. रस्ता सपाट दिसतो, पण सपाट नाही. चढ डोळ्यांना दिसत नाही, पायडलला कळतो. नदी जितक्या शांतपणे खाली येते, तितक्याच शांतपणे आपण वर चढत असतो. नोव्हेंबरातही पात्र भरलेलं होतं. धरणाच्या पायथा वीजगृहातून वीज करून सोडलेलं पाणी वर्षभर वाहत असतं, त्याच्यावर दोन्ही काठांचा ऊस उभा आहे.

पाटणला मैत्रिणीकडे मुक्काम होता. पाटण हे केरा आणि कोयना यांच्या संगमावरचं गाव. संध्याकाळी आम्ही दोघी नदीवर गेलो. पलीकडे मूळगाव. पावसाळ्यात धरणाचे सहा वक्री दरवाजे उचलले की बातम्यांत पहिली नावं येतात ती संगमनगरचा धक्का, मूळगावचा पूल आणि निसरेचा बंधारा. शहरात बसून मी ती नावं वर्षानुवर्षं ऐकली होती. पुलाच्या कठड्याला हात लावला तेव्हा ती पहिल्यांदा खरी झाली. कठड्याच्या फटीत लव्हाळ्याचा वाळलेला झुपका अडकलेला होता, पुराने आणून ठेवलेला. मैत्रीण २०२१च्या जुलैबद्दल बोलत होती. त्या एका रात्रीत तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. नंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. घरी येऊन तिने नाचणीच्या भाकरी थापल्या, पावट्याची आमटी आणि खर्डा केला. रात्री केराच्या बाजूने गार वारा येत होता.

दुसरा दिवस खरा नदीचा. येराडला येडोबाचं देऊळ, चैत्रातल्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते. आज मी आणि एक गुरव, एवढेच. येराडपासून खोरं आवळत जातं. उसाची जागा भात घेतो. कापणी होऊन गेली होती, पेंढ्यांच्या उडव्या घराएवढ्या उंच उभ्या होत्या, खळ्यावर चार बायका भात झोडत होत्या. उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास पुढच्या वळणापर्यंत पुरत होता.

चहाला थांबले त्या हॉटेलात बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, रुंद खांदे, मानेवर जुना घट्टा. माथाडी, मी मनात म्हटलं. या तालुक्यातली निम्मी कर्ती माणसं मुंबईच्या गोदीत, बाजारात पाठीवर ओझं वाहायला गेली, असं लहानपणापासून ऐकत आले. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील मंद्रुळकोळ्याचे, इथलेच. १९६९चा माथाडी कायदा झाला तो त्या चळवळीतून.

"वाईच इकडं बसा की, बाई, उनाच्या," त्यांनी जागा करून दिली. आधी मशीद बंदरला, मग बाजार हलल्यावर वाशीला, अशी चाळीस वर्षं त्यांनी ओझं वाहिलं होतं.

"गावाला येणं व्हायचं?"

"व्हायचं की. शिमग्याला, गणपतीला, कुणाच्या दुखवट्याला. पर रातच्याला. परळला येस्टीत बसायचं, डोळं मिटायचं, ते कंडक्टरनं पाटण म्हणून हाक दिल्यावरच उघडायचं. जाताना बी रातच. चाळीस वर्षं ह्या रस्त्यानं आलो-गेलो, पर रस्ता असा म्या बघितलाच न्हाई."

मग त्यांनी मला विचारलं, सायकलीवरून येताना काय काय दिसलं. मी सांगत गेले. पाणंद, शेवाळाचा ओढा, वसंतगडाची पाठ, मूळगावच्या कठड्यातला लव्हाळा. त्यांच्याच गावाच्या वाटेवरच्या गोष्टी, आणि ते एखाद्या दूरच्या मुलखाची हकिगत ऐकावी तसे ऐकत होते. मध्येच विचारलं, "वढ्याला पानी किती हुतं?" मी हाताने घोट्याच्या वर दाखवलं.

हेळवाकला पोचायला दुपार झाली. डाव्या हाताला कुंभार्लीचा घाट कोकणात उतरतो, वर उत्तरेला कोयनानगर. नदी उत्तरेकडून येते आणि इथे, डोंगराला खांदा लावून, पूर्वेकडे फिरते. मी सायकल स्टँडवर लावली आणि दगडावर बसून ते वळण पाहिलं. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा पट्टा, बाहेरच्या बाजूला पाणी गडद. इतकंच. पण काल सकाळी हेच पाणी मी प्रीतिसंगमावर पाहिलं होतं, आणि मधलं सगळं अंतर माझ्या पायांत होतं.

वर, इथून थोड्याच अंतरावर, १०५.२५ टीएमसीचा शिवसागर अडवून धरण उभं आहे. त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी दर वर्षी पश्चिमेला वळवता येतं. ते पोफळीला वीज करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. म्हणजे कोयनेला हेळवाकचं एक वळण निसर्गाने दिलं आणि दुसरं माणसाने, बोगद्यातून. जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसं कुठे सोलापूर, कुठे रायगडपर्यंत पांगली. त्यातल्या कित्येकांचा जमिनीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. महाराष्ट्राच्या घरातला दिवा लावणाऱ्यांच्या बाबतीत हे असं राहायला नको होतं.

हेळवाकमध्ये एका आजींच्या ओसरीवर पाणी प्यायले. भूकंपाचं मी काढलं नाही, त्यांनीच काढलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. दीडशेवर माणसं गेली. धरण भेगा पडूनही उभं राहिलं. आजी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. "फळीवरची भांडी पडली तवर कळलंच न्हाई. मग आईनं मला कवळून भाईर काढलं. थंडी मरणाची. तवापासनं मी दार लावून झोपत न्हाई," असं म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं. कडी गंजून तांबूस झालेली होती. या खोऱ्यात लहान धक्के अजून बसतात. आजी म्हणाल्या, आता भांडी वाजली की किती मोठा ते आवाजावरून समजतं.

परतताना पायडल मारावं लागत नव्हतं. कालपासून चढलेला तो न दिसणारा चढ आता परत मिळत होता. ऊन कलतं झालं होतं, भातझोडणी आटोपून बायका सुपाने वारवत होत्या.

हॉटेलासमोर सकाळचे ते गृहस्थ रस्त्याच्या कडेला उभे होते. हातात एक निळी सायकल.

"नातवाची हाय. हवा भरून आणलीया," ते म्हणाले. "पाटणपत्तुर येतो तुमच्यासंगं. मुलगा न्यायला येनार हाय तितं."

सुरुवातीला हँडल जरा हललं, मग स्थिर झालं. येराडपर्यंत ते पुढे, मी मागे. एक शब्द नाही. येडोबाच्या अलीकडे, जिथे झाडी तुटून पात्र मोकळं दिसतं, तिथे त्यांनी ब्रेक लावला, एक पाय जमिनीला टेकवला आणि हात वर केला.

"थांबा की वाईच."

मी थांबले. खाली कोयना सोनेरी झाली होती. पलीकडच्या काठाने कुणीतरी म्हशी पाण्यातून काढत होतं. ते टोपी हातात घेऊन बघत राहिले, आणि पाटणला पोचायची आम्हा दोघांनाही घाई नव्हती.