एक मात्रा कमी आहे

हौशी कवींच्या व्हॉट्सअॅप गटांची टिंगल करायला फार अक्कल लागत नाही. सकाळी 'आजचा विषय' जाहीर होतो: पाऊस, बाप, सावित्री, नाहीतर पहिलं प्रेम. दुपारपर्यंत चारोळ्या, अष्टाक्षरी, मुक्तछंद अशी रांग लागते. प्रत्येक रचनेखाली 'अप्रतिम', 'वाह', 'निःशब्द' आणि जोडलेले हात येऊन पडतात. रात्री सोनेरी चौकटीचं, परीक्षकांच्या सहीचं सन्मानपत्र निघतं आणि त्यात सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, लक्षवेधी, उल्लेखनीय अशा इतक्या पायऱ्या असतात की खाली कोणी उरतच नाही. मी अशा गटांत बरीच वर्षं वावरते आहे, लिहिते आहे, त्याहून जास्त वाचते आहे. बाहेरचे लोक या वाहवापुराची दोन कारणं सांगतात. एक, मोबाइलच्या पडद्यावर गंभीर वाचन होत नाही. दोन, सगळा देवाणघेवाणीचा मामला आहे, तू मला वाह म्हण, मी तुला म्हणते. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण मला ती पुरेशी वाटत नाहीत. कारण याच मोबाइलवर, याच स्वभावाच्या माणसांच्या काही गटांत मी एकेका ओळीवर तासभर चाललेली चर्चाही वाचते. माणसं तीच, यंत्र तेच, मग फरक कुठून येतो? माझं उत्तर असं, की एका ठिकाणी कवितेबद्दल बोलायला सगळ्यांच्या हाती एक सामाईक माप असतं आणि दुसरीकडे ते नसतं.

आधी यंत्राचा दोष बाजूला करू. समोरासमोर न बसता, अंतरावरून कविता दाखवणं आणि सुधारून घेणं ही इंटरनेटची देणगी नाही. कविता अशी सुधारून घेण्याला उर्दूत 'इस्लाह' म्हणतात आणि टपाल सुरू झाल्यावर ती टपालानेही होऊ लागली. गालिब आपले शागीर्द हरगोपाल तफ्ता यांना पत्रं लिहायचे, त्यांत शेरांवरची दुरुस्ती आहे, थट्टा आहे, घरची रडगाणी आहेत, आणि आज ती पत्रं उर्दू गद्याचा ठेवा मानली जातात. पुढे दाग देहलवी हैदराबादला राहत असताना दूरदूरचे होतकरू शायर त्यांना गझला पाठवून दुरुस्त करून घ्यायचे. पंजाबातला तरुण इक्बाल त्यांतलाच एक. म्हणजे जे काम चार दिवसांच्या टपालाला जमत होतं ते चार सेकंदांच्या मेसेजला जमू नये असं काही नाही. आणि आपल्याकडे पूर्वी सगळं आलबेल होतं असंही नाही. 'सत्यकथा' मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी बारकाईने बोलत, हे खरं. पण ते भाग्य किती थोड्यांच्या वाट्याला आलं? बाकीच्यांच्या हाती 'साभार परत'ची चिठ्ठी पडायची. ती चिठ्ठी आणि आजचं 'अप्रतिम' यांत मला फारसा फरक दिसत नाही. एकाने मन दुखतं, दुसऱ्याने सुखावतं, पण कविता वाचली गेली का आणि कशी, हे दोन्हींतून कळत नाही.

आता ज्या गटांत चर्चा होते ते गट कोणते? माझ्या पाहण्यात बहुतेक गझलेचे. याला इतिहास आहे. माधव ज्यूलियन यांनी 1933 मध्ये 'गज्जलांजलि' आणली, वृत्तांचा अभ्यास 'छंदोरचने'त मांडला आणि त्याच विषयावर 1938 साली मुंबई विद्यापीठाची डी. लिट. मिळवली. पण गझल घरोघरच्या हौशी कवीपर्यंत पोचली ती सुरेश भटांमुळे. त्यांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यामुळे मतला, काफिया, रदीफ, अलामत हे गझलेच्या तंत्राचे शब्द तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाच्या आणि बँकेतल्या कारकुनाच्या तोंडी रुळले. आज गझलेच्या गटात नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की इथे 'छान' म्हणून भागत नाही. 'दुसऱ्या शेरात अलामत भंगली', 'तिसऱ्याचा सानी मिसरा (दुसरी ओळ) सुटा पडतोय', 'काफिया ओढून आणलाय' असं इथे रोज बोललं जातं आणि सहसा कोणी रुसत नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका ओळीवर दाखवते. ओळ माझीच, उदाहरणापुरती रचलेली. वृत्त मेनका, म्हणजे गालगागा गालगागा गालगा (गा म्हणजे गुरू, दोन मात्रा; ल म्हणजे लघू, एक मात्रा), एकूण एकोणीस मात्रा. समजा कोणी लिहिलं: 'पावसाने भिजली माती जुनी'. कानाला बरी लागते. पण मोजली तर अठराच मात्रा भरतात. 'भिज' या दोन लघूंचा एक गुरू झाला, त्यानंतर लघू हवा तिथे थेट 'ली' आला. वाचणारा एवढंच लिहितो: 'एक मात्रा कमी आहे, भिजलीपाशी बघा'. नवखा कवी पहिली मलमपट्टी करतो ती बहुधा भरीच्या शब्दाची: 'पावसाने ही भिजे माती जुनी'. वृत्त बसलं, पण 'ही' कशाला? दुसरी कुठली माती भिजत होती का? मग कोणीतरी सुचवतं, 'पावसाने भिजवली माती जुनी'. मात्रा एकोणीस, भरीचं काही नाही. पण इथे एक वेगळीच गोष्ट घडलेली असते. पहिल्या ओळीत माती आपली आपण भिजत होती, पाऊस निमित्त होता. आता पाऊस कर्ता झाला आणि माती कर्म. 'तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?' असा प्रश्न आला की कवीला पहिल्यांदाच ठरवावं लागतं की हा शेर पावसाचा की मातीचा. तेवढ्यात आणखी एकाला 'जुनी' खटकतो. माती जुनी कशी, की पुढच्या ओळीत 'कुणी' आणायचं म्हणून ती जुनी झाली? मात्रा मोजण्यापासून निघालेलं बोलणं चार मेसेजांत आशयापाशी पोचतं. मापाचं काम हे, बोलणं सुरू करून देण्याचं.

आणि ते बोलणं कोणाला न दुखवता सुरू होतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. हौशी कवितेचे विषय पाहा. गेलेली आई, सासरी निघालेली लेक, मोडलेला संसार, दुष्काळात विकलेला बैल. माणूस ते लिहितो कारण दुसरं कोणी ऐकायला नसतं. अशा कवितेखाली 'हे जमलं नाही' असं लिहायला कोणाचं बोट धजावेल? जो लिहितो तो निर्दय ठरतो, कारण वाचणाऱ्यांच्या लेखी कविता आणि दुःख यांच्यामध्ये काही अंतरच नसतं. कवितेला नाव ठेवणं म्हणजे आईच्या मरणाला नाव ठेवणं. म्हणून सगळे हात जोडतात आणि पुढे जातात. याला मी दांभिकपणा म्हणणार नाही, ती साधी माणुसकी आहे. पण वृत्त मध्ये आलं की अंतर तयार होतं. 'चौथ्या ओळीत एक मात्रा कमी आहे' हे वाक्य आईबद्दल नाही, ओळीबद्दल आहे. चूक माणसाकडून उचलून ओळीवर ठेवता येते. दुःखाला धक्का न लावता कवितेबद्दल बोलायची ही एक वाट मला माहीत आहे. आणखी असतील.

यावर पहिला आक्षेप गझलेच्याच वर्तुळातून येतो, आणि तो खोटा नाही. म्हणतात, तुमचे हे गट तंत्राचे पोलीस झालेत. लघू-गुरूंची लगावली बिनचूक, काफिये चोख, आणि शेरात जीव नाही. असे शेर मीही ढिगाने वाचले आहेत. तंत्र बिनचूक असलं की काही जण आशयाची चौकशीच थांबवतात आणि तिथे 'निर्दोष' हाच नवा 'अप्रतिम' होतो. त्याहून जुना धोका वर्तुळाचा. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकमेकांना कविता दाखवत, वाचून आणि गाऊन दाखवत. मराठी कविता सभेत ऐकायची गोडी लोकांना लागली त्यात त्यांचा वाटा मोठा. पण एकत्र बसणाऱ्यांच्या लकबीही एकमेकांना चिकटतात, आणि त्या आत बसलेल्यांना दिसेनाशा होतात. त्या दाखवायला बाहेरून आचार्य अत्रे यावे लागले. 1925 मध्ये 'केशवकुमार' या नावाने आलेल्या 'झेंडूची फुले'मधली विडंबनं महाराष्ट्र अजून हसत वाचतो. तेव्हा सामाईक माप असलं की सगळं साधतं असं मी म्हणत नाही. पण ज्या शेरात जीव नाही त्यात तो नाही हे सांगण्याआधी कोणीतरी तो शेर शब्दाशब्दाने वाचलेला असतो, आणि विडंबन करणाऱ्यालाही आधी तेच करावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: बहिणाबाईंना कुठला गट होता? त्यांची गाणी 1952 मध्ये, त्यांच्या पश्चात छापली गेली. आयुष्यभर ना परीक्षक, ना दुरुस्ती करणारं कोणी. हा आक्षेप मला आवडतो, कारण तो शेवटी माझ्याच बाजूने वळतो. बहिणाबाई एकट्या होत्या, पण त्यांच्या कानातली ओवी एकटीची नव्हती. जात्यावर बाया बसायच्या, एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, न बसणारा शब्द दळता दळता गळून पडायचा. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या गेल्या. त्यांत एकच ओवी थोड्या फरकाने किती गावांत सापडते ते पाहिलं की कळतं, या कवितेवर प्रतिसाद नव्हता असं नाही, प्रतिसाद तिच्या घडणीतच मुरलेला होता. ज्यांच्याकडे तो कान वारशाने आला त्यांना गटाची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा तो वारसा गिरणीने आणि रेडिओने केव्हाच संपवला.

तिसरं म्हणणं मवाळ आहे. लोक आनंदासाठी लिहितात, घरकाम आटोपून किंवा निवृत्तीनंतर, त्यांना कशाला हे मात्रांचं ओझं? दोन गोड शब्द मिळाले तर बिघडलं काय? काहीच नाही. ज्या बाईला घरात कोणी 'आज काय केलंस' असंही विचारत नाही तिला पन्नास माणसांनी 'वाह' म्हटलं तर तो पन्नास माणसांचा सहवास आहे, आणि त्याला हसणारा माणूस मला आवडत नाही. पण याच गटांतलं आणखी एक दृश्य लक्षात घ्यावं. 'अप्रतिम'ला कवीचं उत्तर येतं 'धन्यवाद' आणि दोन हात. कोणी 'ओसरीवरच्या रिकाम्या पाटाची ओळ डोक्यातून जात नाही' असं लिहिलं की तोच कवी दहा ओळींचं उत्तर देतो: तो पाट कुठला, आधी तिथे काय लिहिलं होतं, का बदललं. आनंद कशात आहे ते त्या दहा ओळींवरून कळतं.

उरला प्रश्न अधिकाराचा. सगळेच शिकाऊ, कोणी कोणाला शिकवायचं? इथे एक तांत्रिक गोष्ट आहे. बरेच हौशी कवी मनातल्या चालीवर लिहितात. चाल दयाळू असते, मात्रा कमी पडली तर स्वर ओढून ती भरून काढते, जास्त झाली तर गिळून टाकते. त्यामुळे आपली मोडकी ओळ आपल्याला कधीच मोडकी ऐकू येत नाही. आवाज मुद्रित करून पाठवला तर ऐकणाऱ्यालाही नाही. ती पकडायला उस्ताद लागत नाही, फक्त ती चाल माहीत नसलेला माणूस लागतो. सराव असलेल्या शेजाऱ्याने नुसतं कोरडं वाचलं तरी ओळ जिथे अडखळते तिथे तोही अडखळतो.

मुक्तछंदाचं मात्र काय करायचं, हे मला अजून पुरतं सुटलेलं नाही. त्याला माप नाही असं नाही. कवी अनिल यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि त्यांनीच पुढे 'दशपदी' हा दहा ओळींचा बंध घडवला, ज्याच्या संग्रहाला 1977 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोकळं लिहिणाऱ्यालाही बंधाची ओढ असते असा मी त्याचा अर्थ लावते. पण मुक्तछंदात ओळ कुठे तोडावी, प्रतिमा कुठे थांबवावी, यासाठी गटातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली भाषा नाही, आणि गद्याच्या ओळी तोडून खाली 'मुक्तछंद' लिहिलं की विचारायची सोय राहत नाही. काही गटांनी यावर एक साधी युक्ती काढली आहे. मत देण्याआधी, कवितेत आपल्याला काय दिसलं ते वाचणाऱ्याने दोन वाक्यांत लिहायचं, आणि एखादी ओळ काढायची झाली तर कोणती काढाल ते सांगायचं. मात्रेइतकं हे माप पक्कं नाही. तरी दोघांनी वेगवेगळ्या ओळी काढल्या की कवीला कामाला लागण्यापुरतं काहीतरी मिळतं. अशा गटांत दिवसाला दोन-तीनच कविता येतात, कारण एक टाकायची तर चार वाचाव्या लागतात. सन्मानपत्रं काढणाऱ्या अॅडमिनना हा हिशेब परवडत नाही, आणि सदस्यही भराभर कमी होतात. राहिलेल्यांची संख्या बहुतेक वेळा एका ओसरीवर मावेल एवढीच असते.