घरचाच माणूस

पाहुण्याला देव मानावे, ही शिकवण तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत दिलेली आहे. ती ज्या ऋषीने दिली, त्याच्या पर्णकुटीला जिना नसावा अशी मला दाट शंका आहे. असता, तर देव यायच्या आधी पायऱ्या एकदा ठोकून पाहाव्यात, असे एखादे वाक्य त्याने पुढे जोडले असते. आपण मात्र पाहुणे यायचे म्हटले की पडदे धुतो, समया घासतो, अनारशाचे पीठ आंबत घालतो आणि ज्या वाटेने ते येणार ती वाट होती तशीच ठेवतो. पुण्याच्या जुन्या वाड्यातला जिना जो चढला आहे, त्याला मी काय म्हणतो ते चटकन उमगेल. उभा, अरुंद, दिवसाढवळ्याही अंधारा. धरायला वरून सोडलेला एक जाड दोर. रोजच्या माणसाच्या पायांना प्रत्येक पायरीची खोड ठाऊक असते. कुठली करकरते, कुठली हलते, कुठे डोके वाकवायचे, हे त्याला सांगावे लागत नाही. पाहुण्याला ते कोण सांगणार?

आणि पाहुणा पडला म्हणजे काय होते, तेही आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कोणी हळद आणतो, कोणी बर्फ, कोणी रिक्षा. दुसऱ्या दिवसापासून मोसंबी आणि डाळिंबे यायला लागतात. खर्चाचा विषय मात्र कोणी काढत नाही. चुकून कोणी काढलाच, तर दहा तोंडांतून एकच उत्तर येते, ‘अहो, घरचाच माणूस!’ इतके प्रेमळ आणि ऐकणाऱ्याला इतके महाग पडणारे दोन शब्द मराठीत दुसरे नसतील.

ही सबब आपणच शोधली असा मात्र कोणी अभिमान धरू नये. 1856 साली इंग्लंडात ती थेट न्यायासनावरून उच्चारली गेली. एक गृहस्थ आपल्या स्नेह्याच्या हॉटेलात पाहुणा म्हणून गेले होते. निघताना त्यांनी काचेचे दार ढकलले आणि त्यातली सैल झालेली काच त्यांच्या अंगावर पडली. त्यांनी दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पाहुणा हा घरातल्या माणसासारखाच. घरच्यांनी जे सोसायचे ते त्यानेही सोसावे. पुढे दहाच वर्षांनी, 1866 मध्ये, लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसच्या नळ्या तपासायला गेलेला कामगार जमिनीतल्या उघड्या भोकातून खाली पडला. त्याला मात्र भरपाई मिळाली, कारण तो कामासाठी आला होता. म्हणजे कायद्याच्या पंक्तीत नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे पान वर आणि जेवायला बोलावलेल्या स्नेह्याचे पान खाली! यजमानाने त्याला आपल्या माहितीतला छुपा धोका तेवढा सांगावा, बाकी त्याचे तो पाहील, असा हा न्याय पुढे शंभर वर्षे चालला. शेवटी 1957 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून ही वरची-खालची पाने मोडली आणि रीतसर आलेल्या प्रत्येकाची सारखीच वाजवी काळजी घ्यावी असे ठरवले. 1968 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हीच वाट धरली. तिथली गोष्ट तर एका नळाची आहे. भाडेकरू बाईंकडे आलेल्या पाहुण्याचा हात न्हाणीघरातल्या नळाच्या तडकलेल्या चिनीमातीच्या मुठीने कापला, त्यातल्या शिरा तुटल्या. मूठ तडकल्याचे बाईंना माहीत होते, त्यांनी ते घरमालकांनाही सांगितले होते. फक्त पाहुण्याला सांगायचे राहिले होते.

आपल्याकडे पाहुण्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. निष्काळजीपणाने कोणाचे नुकसान केले तर ते भरून द्यावे, या सर्वसाधारण तत्त्वावर आपली न्यायालये असे दावे चालवतात. दिल्लीच्या चांदणी चौकातले घंटाघर 1951 साली कोसळले आणि खाली काही माणसे दगावली. ते सुमारे ऐंशी वर्षांचे जुने होते. 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेला सांगितले, की दोष वरून दिसत नव्हता ही सबब रस्त्याकडेच्या इमारतीच्या मालकाला चालायची नाही. इमारत जुनी झाली की ती तपासत राहणे हे त्याचे कामच आहे.

हे सारे मी वकिली करताना वाचले होते. ते कोर्टात कधी कामी आले नाही. आले ते निवृत्तीनंतर, आणि तेही आमच्याच वाड्यात.

2016 सालची दिवाळी. माडीवरच्या बिऱ्हाडात मुलीचा पहिला दिवाळसण होता. पाडव्याला साताऱ्याहून जावई आणि त्याचे आईवडील आले. व्याही पुढे होते, दोन्ही हातांत पिशव्या. पाचव्या पायरीची फळी पायाखाली मोडली आणि ते खालपर्यंत घसरत गेले. उजवा घोटा मोडला. त्या दिवशी वाड्यात पणत्या लागल्या, पण फटाका कोणी उडवला नाही.

व्याही शिंपी. उजव्या पायाने मशीन चालवायची, त्यावर चार माणसांचे घर. तुळशीची लग्ने झाली की लग्नसराई सुरू होते. वर्षाची खरी कमाई त्याच दिवसांत. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर सांगितले. महिनाभरात त्यांच्या घरी इतकी फळे आली, की शेजारी वाटूनही उरली. गल्ल्यात मात्र काही पडले नाही.

भाडेकरू म्हणत, ‘जिना मालकांचा.’ मालक म्हणत, ‘पाहुणे त्यांचे. आणि अहो वकील, घरचाच माणूस. तो का पैसे मागणार आहे?’ जावई म्हणे, ‘बाबा, आपण कोर्टात जाऊ.’ व्याही काहीच म्हणत नव्हते. शेवटी एका दुपारी ती मुलगीच माझ्याकडे आली.

“काका, मागितलं तर माहेर दुखावतं. मालक उद्या आईबाबांच्या मागे लागतील. नाही मागितलं तर सासरी चूल कशी पेटायची? मी कोणाच्या बाजूनं बोलू?”

मी तिला म्हटले, “तू कोणाच्याच बाजूनं बोलू नकोस. तू फक्त कागद आण.”

ती शहाणी निघाली. इस्पितळाची, औषधांची, एक्स-रेची बिले तिने आणलीच. शिवाय सासऱ्यांची मापांची वही आणली. आदल्या वर्षी त्याच दोन महिन्यांत किती कपडे शिवले, किती शिलाई आली, हे तारखांसकट त्या वहीत होते. बुडालेल्या कमाईचा इतका सरळ पुरावा मी कोर्टातही क्वचितच पाहिला. मोडलेली फळी मी पाडव्यालाच वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे ठेवली होती. सुतार येण्यापूर्वी जिन्याची छायाचित्रे काढून घेतली होती. ज्यांनी पडताना पाहिले, त्यांच्याकडून दोन-दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. यात संशय कोणाचाच नव्हता. महिन्याभराने प्रत्येकाला वेगळी पायरी आठवते, एवढेच.

कायदा कुणीकडे होता ते मालकांना सांगणे भाग होते. खोलीच्या आतली गोष्ट वेगळी. पण जिना सात बिऱ्हाडांचा सामाईक, म्हणजे तो मालकांच्या ताब्यातला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या चौदाव्या कलमाने घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. मालकाने ती केली नाही, तर भाडेकरूने पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच, अशीही सोय त्यात आहे. आमच्या वाड्यातल्या भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे एका फळीचीही किंमत नव्हे! मालक वाईट माणूस नव्हते. सात बिऱ्हाडांचे भाडे एकत्र केले तरी सुताराची दोन दिवसांची मजुरी निघत नाही, हे त्यांचे दुःख खरे होते. मात्र मोडलेला घोटा त्या दुःखाने जुळून येणार नव्हता.

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी मालकांच्या ओसरीवर सगळे बसले. व्याही कुबड्या घेऊन साताऱ्याहून आले होते. मी तीन कागद समोर ठेवले. पहिल्यावर काय घडले, दुसऱ्यावर काय खर्च झाला आणि किती बुडाले, तिसऱ्यावर कोणाकडे किती दोष. या तीन कागदांबाहेर बोलणे जायचे नाही, अशी अट घातली. मालकांनी सुरुवातीलाच विचारले, “मी पैसे दिले म्हणजे मी गुन्हेगार ठरलो का?” मी म्हटले, “नाही. तसं स्पष्ट लिहू.” त्यांचा अर्धा विरोध तिथेच मावळला. रागापेक्षा भीतीच जास्त होती.

तिसरा कागद निघाला तेव्हा व्याही त्या दिवसात पहिल्यांदा बोलले.

“वकीलसाहेब, दोर होता. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक खाली ठेवून दोर धरता आला असता मला. तेवढं माझ्याकडे लिहा.”

कोर्टात याला सहदोष म्हणतात, आणि तो सिद्ध करण्यात विरुद्ध बाजूच्या वकिलाचे दिवसच्या दिवस जातात. इथे तो एका वाक्यात हातावर ठेवला गेला. मालक बराच वेळ त्या फळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पावसाळ्यापासून हलत होती. वरचे दोनदा सांगूनही गेले होते. सुताराला बोलावतो, बोलावतो म्हणत राहिलो.”

त्यानंतर हिशेबाला अर्धा तासही लागला नाही. एकूण रकमेतून चौथा भाग व्याह्यांचा म्हणून वजा केला. राहिलेली रक्कम मालकांनी सहा हप्त्यांत द्यायची ठरली. ‘यापुढे काही मागणे नाही’ ही ओळ मात्र मी त्या दिवशी लिहू दिली नाही. पाय पुरता बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच ती लिहायची; घाईने लिहिलेल्या त्या ओळीपायी पुढे कितीतरी माणसे अडकतात. जमले नसते तर विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत दावा लावण्याआधीच जाता आले असते. 1987 च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील होत नाही. ती पाळी आली नाही. जिना मात्र सातही बिऱ्हाडांनी वर्गणी काढून दुरुस्त केला. मालकांनी दिवा बसवला आणि घराचा विमाही काढला. बाहेरच्या माणसाला इजा झाली तर तिची भरपाई अशा विम्यातून मिळण्याची सोय करता येते, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते.

मागणे म्हणजे भांडणे, असे आपल्याकडे एक समीकरण होऊन बसले आहे. म्हणून नातेवाईक मागत नाहीत, आणि मग वीस वर्षे एकमेकांच्या लग्नकार्यांत जेवायला तेवढे जातात. त्या मुलीचा संसार या न मागण्याच्या तोंडी जाणार होता. आकडा कागदावर आला आणि ती सासरी मान वर करून वावरू लागली. माहेरी येताना तिला कोणाची नजर चुकवावी लागली नाही.

पुढच्या दिवाळीला व्याही पुन्हा आले. एका हाताने दोर धरून जिना चढले. पिशव्या जावयाच्या हातात होत्या. वर जाण्याआधी ओसरीवर थांबून त्यांनी मालकांच्या नव्या सदऱ्याचे माप घेतले, आणि महिन्याभराने सदरा शिवून आणला. मालकांनी विचारले, “शिलाई किती झाली?” व्याह्यांनी आकडा सांगितला. मालकांनी पैसे मोजून दिले, व्याह्यांनी ते मोजून घेतले. मग दोघे चहा प्यायला बसले.